भिंगरीचा पेनड्राइव्ह

६ फेब्रुवारी

मुकं! बिल्ड बिनबोभाट झालं, कुठं काही अडलं नाही. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं — पडद्यावर अक्षरं आली, नजर टिपणारा कॅमेरा लागला, आणि आवाज म्हणून काही नाही. जेवणाच्या सुट्टीपासून संध्याकाळपर्यंत शोधत बसलो. निघालं काय, तर आवाजाचे प्रोग्राम ज्या फाइलीत सांगितले होते तिच्या नावाचं टिंबानंतरचं शेपूट चुकलेलं. ह्या टूलला ठरावीक शेपटाचीच फाइल कळते. बाकीच्या त्याच्या लेखी नाहीतच. बरं, ओरडतही नाही. सरळ दुर्लक्ष करून पुढे जातं.

ऑफिसात मी हेच तर करतो, लायब्रऱ्यांतल्या कॉम्प्युटरांसाठी. पेनड्राइव्हवरची सिस्टिम — लावली की चालू, काढली की मशीन जसंच्या तसं, मागे खूण नाही. टूलला कॉन्फिगरेशनच्या फाइलींतून सांगायचं: हे प्रोग्राम घे, हे इथं ठेव, हे आधी कर, ते नंतर. मग ते सगळी सिस्टिम शिजवून हातात देतं, ह्यालाच बिल्ड म्हणायचं. इतक्या केल्या, कधी अडलो नाही. बहिणीसाठी करायला घेतली आणि शेपटं चुकायला लागली.

८ फेब्रुवारी

रविवार. भिंगरीकडे गेलो होतो. हात गेले, बोलणं गेलं, आता मान धरायलाही उशी लागते. डोळे मात्र तसेच, नि डोकंही तसंच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची तेव्हा अख्खी गल्ली ऐकायची — 'अहो क्लच! क्लच दाबा, माझा जीव नका घेऊ!' आता अक्षरांचा पुठ्ठा धरायचा, आपण बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की ती पापणी मिटते.

आज तिनं 'प' पर्यंत आणलं आणि आई उठलीच — 'पाणी!' चमच्यानं पाणी. मग पुन्हा 'प'. दाजी म्हणाले, 'पाय दुखतायत.' पाय चोळले. तिसऱ्यांदा मी गप्प बसून पुढचं अक्षर घेऊ दिलं. पडदा. ऊन डोळ्यावर येत होतं! एवढ्याचसाठी अर्धा तास. पडदा ओढल्यावर तिनं आमच्या तिघांकडे असं पाहिलं — लायसन्सच्या परीक्षेत तिघंही नापास.

११ फेब्रुवारी

आवाज ह्या मशीनवर बोलला. पहिल्यांदा.

गेल्या वर्षी तिची जीभ जड व्हायला लागली, तेव्हा स्पीचवाल्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, 'बोलता येतंय तोवर आवाज भरून घ्या.' मग आम्ही दोघं कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून बसायचो, गोधड्या लटकवून, आवाज घुमू नये म्हणून. शेकडो वाक्यं, त्यांवरून मशीन तिचा आवाज शिकणार. 'आज हवा छान आहे.' 'बागेत पिवळी फुलं आहेत.' मध्येच भडकली — 'ह्यात एक शिवी नाही, दाद्या! मग हा आवाज माझा कसा?' शेवटी तिच्या पसंतीच्या शिव्याही भरल्या. आईला सांगितलं नाही.

आज ऑफिसात तपासायला म्हणून काहीतरी टाइप करायचं होतं. बोटांनी आपोआप 'दाद्या' टाइप केलं. मशीन म्हणालं — दाद्या. शेवटचं अक्षर जरा ओढून. तस्सं.

जिन्यात जाऊन उभा राहिलो. शेजारच्या टेबलावरचा विचारत आला, 'बरं नाही का?' म्हटलं, पायऱ्या मोजतोय.

१२ फेब्रुवारी

काही नाही. डोकं दुखतंय.

१७ फेब्रुवारी

भिंगरीला हॉस्पिटलात हलवलं. सकाळी घास अडकला, काळीनिळी पडली. दाजी बेकरीतून तसेच धावले, हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे. वॉर्डात सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांना भान नव्हतं.

आता मास्कवर आहे. बोलायला — म्हणजे पुठ्ठ्यालासुद्धा — ताकद नाही.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. चार खुर्च्या, एक वाळकं झाड. श्वासाचे स्नायू थकत चाललेत. मास्कनं थोडे दिवस निघतील. पुढे दोनच वाटा — गळ्याला छेद देऊन नळी आणि श्वासाचं मशीन, कायमचं. नाहीतर नळी न लावता, त्रास होऊ न देता, जेवढं आहे तेवढं.

'नळी लावा,' दाजी म्हणाले. 'विचारायचं काय त्यात?'

आई म्हणाली, 'लावा.' मी पण म्हणालो. लिहून ठेवतो — मी पण म्हणालो.

'तिला विचारलंत?'

'विचारलं. पापणी मिटली तिनं. हो म्हणाली,' दाजी म्हणाले.

'ती दमली तरी पापणी मिटते,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'मला हो-नाही नको. तिच्या शब्दांत हवं. घाई नाही, पण फार वेळही नाही.' मग माझ्याकडे वळून — 'तुमचं ते यंत्र कुठवर आलं?'

२० फेब्रुवारी

वॉर्डातल्या प्रत्येक खाटेजवळ हॉस्पिटलचा कॉम्प्युटर आहे. त्यात काहीही घालायला सक्त मनाई. पेनड्राइव्हवरून चालवायला हरकत नाही, स्पीचवाल्या बाईंनी परवानगी काढली. म्हणजे आता सगळं ह्या फाइलींवर.

फोल्डर उघडून बसलो तर स्वतःचीच लाज वाटली. 'अंतिम', 'अंतिम-नवीन', 'खरंच-अंतिम'. कुठल्यात काय बदललं, देव जाणे! ऑफिसात कुणी असं केलं असतं तर त्याला सोलून काढलं असतं.

२३ फेब्रुवारी

आज माझ्या हातून घोटाळा झाला.

पेनड्राइव्ह वॉर्डात नेला. कॅमेरा तिच्या डोळ्यांना पकडेना. एका अक्षरावर नजर किती वेळ ठेवली की ते उमटावं, ते तिथंच बसून जुळवलं, थोडं वाढव, थोडं कमी कर. ती सगळी दुपार घाम फुटेपर्यंत सराव करत होती. शेवटी जमलं! 'क ख ग' लिहिलं. नर्सनं टाळ्या वाजवल्या.

मग वॉर्डाची वीज गेली नि आली. मशीन पुन्हा सुरू झालं. सगळं पुसलेलं! जुळवलं ते चालू सिस्टिममध्ये, फाइलींत नाही. ही सिस्टिम दर वेळी फाइलींत सांगितलंय तशीच उठते. हे मला ठाऊक नाही? नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मीच सांगतो!

पुठ्ठा धरला. तिनं एवढंच लिहिलं — गाढव.

पुढे काही नाही. डोळे मिटून घेतले. गालावरून पाणी आलं, ते तिला पुसता येत नव्हतं. मीच पुसलं.

२६ फेब्रुवारी

तिन्ही 'अंतिम' एकत्र केले. एकच फोल्डर. सगळे पर्याय एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मागचं सगळं पुसणारा साफसफाईचा हुकूम दिला तरी पुन्हा तसंच उभं राहील. प्रत्येक बदल का केला ते लिहून. तिच्या नजरेचा वेग आता फाइलीत आहे. मास्कमुळे डोकं कलतं, ते धरून कॅमेऱ्याचा कोनही. एका ठिकाणी क्रम चुकला होता — आवाज बसवायचं काम आधी, आवाजाची फाइल यायची नंतर. फाइलींच्या नावांतले आकडे बदलून पुढचं मागे केलं.

साहेबांनी ऑफिसचं मोठं मशीन दिलं. 'लायब्रऱ्या थांबतील,' म्हणाले. त्यांच्या केबिनमध्ये मी कधी रडेन असं वाटलं नव्हतं. त्यांनाही वाटलं नसावं. खोका पुढे केला टिशूचा.

२ मार्च

चाललं!

आई, दाजी, मी, स्पीचवाल्या बाई. पेनड्राइव्ह लावला, अक्षरं आली. भिंगरीची नजर फिरायला लागली. दोन अक्षरं लिहिली की मशीन खाली शब्द सुचवतं, बरोबर असेल तर त्यावर नजर ठेवायची — तेवढीच मेहनत वाचते. सगळे श्वास धरून. आणि मग तिचा आवाज, तिचा स्वतःचा, वॉर्डभर —

'दाजींना म्हणावं, दाढी कर.'

म्हणजे मी त्यांना दाजी म्हणतो म्हणून तीही दाजी म्हणाली! नवऱ्याला! दाजी हसता हसता खाली बसले, खाटेच्या कडेला डोकं टेकलं, आणि हसण्याचं रडणं कधी झालं कळलं नाही. आई म्हणत राहिली, 'अगं बोल, बोल, अजून बोल.' ती बोलली. आईला म्हणाली, 'पाणी नको होतं.' दाजींना बेकरीच्या भट्टीचं विचारलं. नर्सला म्हणाली, 'सुई टोचताना आधी सांगत जा गं बाई.'

इतका आनंद. मला वाटलं, आता सगळं नीट होईल.

३ मार्च

हात चालत नाही लिहायला. तरी लिहितो.

दुपारी आई आणि दाजी चहाला गेले. भिंगरी म्हणाली, 'दाद्या, पडदा ओढ.' मी खिडकीचा ओढायला लागलो. 'तो नाही. खाटेचा.'

ओढला.

'मला नळी नको.'

मी म्हटलं, तू दमलीयेस, उद्या बोलू.

'दमले नाही. ठरवलंय.'

म्हटलं, मशीनवर माणसं वर्षानुवर्षं जगतात, आता तर बोलताही येतंय, मी आणखी चांगलं करून देईन, दर महिन्याला नवं बिल्ड —

ती लिहीत होती. मी बोलत सुटलो होतो आणि तिची नजर एकेका अक्षरावर जात होती. मग आवाज आला. 'ऐक ना रे.' मी थांबलो.

'मला सगळं कळतंय. काल डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय. तसं राहायचं नाही मला. घरी जायचंय. तू सांग त्यांना.'

तिच्याच आवाजात. मीच दिलेल्या.

४ मार्च

पेनड्राइव्ह नेला नाही. म्हणजे नेला. खिशात होता. सांगितलं, फाइलींत गडबड झालीय, पुन्हा बिल्ड करावं लागेल. दाजी म्हणाले, 'असू दे, कर सावकाश.' भिंगरी माझ्याकडे बघत होती. मी खिडकीकडे.

५ मार्च

आजही नाही. 'अजून चालू आहे बिल्ड.' आई म्हणाली, 'बरंच झालं, तिला दगदग नको.'

खिशात तो पेनड्राइव्ह निखाऱ्यासारखा.

६ मार्च

पुठ्ठा धरला. तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपली. दाजींनी धरला — मिटलेलेच. आईनं गालावर हात ठेवून विनवलं. उघडेना! नर्स म्हणाली, 'जाग्या आहेत त्या. सकाळपासून अशाच आहेत.'

आम्हा सगळ्यांशी बोलणं बंद केलंय तिनं. तिच्याकडे बंद करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

घरी आलो. जेवण गेलं नाही. आवाज मी दिला आणि मला न आवडणारं ती बोलल्याबरोबर मीच काढूनही घेतला. 'प' म्हटलं की पाणी पाजणाऱ्या आईला मी हसलो होतो. आईला निदान कळत नव्हतं.

७ मार्च

सकाळीच गेलो. कुणी यायच्या आत. पेनड्राइव्ह लावला. म्हटलं, भिंगरे, उघड डोळे, आणलाय.

बऱ्याच वेळानं उघडले. लिहिलं. आवाज आला —

'किती वेळ लागतो रे बिल्डला?'

तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी खाटेचा दांडा धरून उभा राहिलो. 'चुकलो' म्हणायलासुद्धा आवाज फुटेना, माझा. ती म्हणाली, 'जाऊ दे. गाढव आहेसच. सगळ्यांना बोलाव.'

बोलावलं. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसल्या. भिंगरीनं तेच सांगितलं. नळी नको. घरी.

आई मटकन बसली. दाजी बसले नाहीत. मशीनच्या पडद्यावर बोट ठेवून मला म्हणाले, 'हे खाली शब्द कोण सुचवतं?'

'मशीन. पुढचा शब्द काय असेल त्याचा अंदाज —'

'म्हणजे "नको" हे मशीननं सुचवलं!'

'दाजी, निवडलं तिनं.'

'कशावरून? नजर घसरली असेल. दमलेलं माणूस समोर येईल ते घेतं. तिच्या जिवाचा निर्णय तुझ्या अंदाजपंचे यंत्रावर सोडू?' ओरडले. वॉर्डात सगळे बघायला लागले. 'तिचं बोलणं मला कळतं. दहा वर्षं संसार केलाय मी. ती असं म्हणणार नाही!'

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, 'सुचवणं काढता येतं का?'

येतं. एका फाइलीतली एक ओळ.

९ मार्च

ओळ काढली. नुसती बंद नाही केली, तो प्रोग्रामच यादीतून काढून टाकला. पुन्हा बिल्ड. आता तिला मदत करणारं त्यात काही नाही. प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी तिची तिला. बहिणीचं काम असं अवघड करून ठेवायला बसलो होतो मी, आणि बिल्ड आपलं शहाण्यासारखं पुढे सरकत होतं.

दाजींना बोलावून पडदा दाखवला. 'बघा. खाली काही नाही.' त्यांनी नुसती मान हलवली. दाढी वाढलेली तशीच.

१० मार्च

सगळे होते. मी मागे, भिंतीला टेकून.

म. मग ल. मग काना. मध्ये थांबली, मास्कमधून दम घेतला. नर्स पुढे झाली तर डोळ्यांनीच तिला थोपवलं. न. ळ. वेलांटी. मग पुन्हा न.

'पुरे,' दाजी म्हणाले. 'पुरे गं. कळलं.'

ती थांबली नाही. क. काना चुकून आला, तिनं तो खोडला. नीट मात्रा आणि काना दिला. 'मला नळी नको' — आणि तरीही वाक्य संपवलं नाही. बाहेर गाड्या ढकलल्याचे आवाज, कुणाचा तरी खोकला, आणि तिची नजर अक्षर अन् अक्षर वेचत. इतका वेळ गेला की डॉक्टरीणबाईंना बाहेरून बोलावणं आलं, त्या हलल्या नाहीत.

मग आवाज बोलला —

'मला नळी नको. तुम्ही सगळे हवेत. घरी चला.'

दाजींनी तिच्या कपाळाला कपाळ लावलं. आई तिचे पाय दाबत राहिली, आज पाय दुखतायत का कुणी विचारलं नव्हतं तरी.

डॉक्टरीणबाईंनी उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'तिनं सांगितलं. आपण ऐकलं.'

१३ मार्च

घरी आणलं. मास्क आहे, औषधं आहेत, एक दिवसाआड नर्स. जुन्या मशीनवर तोच पेनड्राइव्ह. भिंगरी म्हणाली, 'सुचवणं परत घाल आता, जीव गेला माझा.' मग स्वतःच — 'म्हणजे जायचाय अजून.' आईनं कानांवर हात ठेवले. मी हसलो. मग बाहेर जाऊन हसणं संपवलं.

सुचवणं परत घातलं.

२१ मार्च

दाजींनी बेकरी मदतनिसावर सोडलीय. दिवसभर तिच्याजवळ. आज गेलो तर दोघांचं भांडण चाललेलं — घराच्या मागच्या भिंतीला कुठला रंग द्यायचा! ती म्हणते पिवळा. दाजी म्हणतात, 'पिवळा म्हणजे काविळीसारखा.' तिनं एक ठेवणीतली शिवी दिली. आई स्वयंपाकघरातून धावत आली. 'हे कोण बोललं?' आम्ही तिघंही मशीनकडे बघायला लागलो.

३० मार्च

नजर लवकर थकते. वेग आणखी कमी केला, फाइलीत लिहिला, बिल्ड केलं. आज दिवसभरात दोनच शब्द. 'ऊन छान.'

४ एप्रिल

वेग पुन्हा कमी केला. ह्याच्यापेक्षा कमी आकडा तो प्रोग्राम घेत नाही.

९ एप्रिल

दुपारी. घरीच. झोपेत. दाजींचा हात हातात होता, आई उशाशी. मी वाटेत होतो, खिशात नवं बिल्ड घेऊन.

१० एप्रिल

—

१८ एप्रिल

ऑफिसला गेलो. लायब्ररीचं काम उघडलं. टूलनं विचारलं, मागचं साफ करू का? बराच वेळ नुसता बघत बसलो. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, 'हो म्हण ना.' त्याला काय माहीत. दुसरं फोल्डर होतं ते, भिंगरीचं नाही.

२५ एप्रिल

आई म्हणते, मशीनला एकदा 'आई' म्हणायला लाव ना. येतं मला. तीन अक्षरांचंही काम नाही. म्हटलं, आई, ते मी म्हटल्यासारखं होईल गं, तिनं नाही. आईनं माझ्याच डोक्यावरून हात फिरवला. बराच वेळ.

३ मे

दाजी आले होते. आत या म्हटलं, आले नाहीत. दारातच उभे. दाढी केलेली.

'मला माहीत होतं,' म्हणाले. 'गेल्या वर्षीच. ती गाडी चालवत होती, मी शेजारी. नळीबिळी लावू नका म्हणाली, तोंडानं, चांगल्या खणखणीत आवाजात.'

'मग तुम्ही काय म्हणालात?'

'म्हटलं, पुढे बघून चालव.'